वायुखात्याचे दप्तर

मोटारीच्या टायरात हवा असते, ही गोष्ट आमच्या पिढीने केवळ श्रद्धेने मान्य केली होती. प्रवासास निघण्यापूर्वी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालावी, प्रत्येक चाकास चपलेच्या टोकाने एकेक सौम्य लाथ मारावी, आणि चाकाने ती निमूटपणे सोसली म्हणजे त्यात हवा आहे असे समजून नारळ फोडावा, एवढ्याच परीक्षेवर या महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे अष्टविनायकांपासून गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन सुखरूप परत आलेली आहेत. हवा नेमकी किती, हा प्रश्न पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याच्या अखत्यारीतला होता. तो "किती भरू?" असे विचारी, आपण "तीस" म्हणत असू, आणि त्या तिसाचे पुढे काय झाले याची चौकशी कोणी करीत नसे.

हा सुखाचा अंमल आमचे ज्येष्ठ साडू नाना यांनी संपुष्टात आणला. नाना म्हणजे सबंध हयात जमीनमोजणीच्या खात्यात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. जी वस्तू मोजलेली नाही ती अस्तित्वात आहे असे ते सहसा मानीत नाहीत, आणि जी दप्तरात मोजलेली आहे ती प्रत्यक्षात नसली तरी त्यांचे फारसे अडत नाही. गेल्या हिवाळ्यात दापोलीस जाण्याचा बेत ठरला, तेव्हा त्यांना असे आढळून आले की आपल्या गाडीच्या चार चाकांत काय चालले आहे याविषयी आपणाकडे एक ओळीचीही लेखी माहिती नाही. शेजाऱ्याच्या नव्या गाडीस चाकांतील हवा मोजून सांगणारी यंत्रणा कारखान्यातूनच लावून मिळालेली होती. नानांची गाडी त्याच्या आधीच्या पिढीतील.

वास्तविक ही विद्या नवीन नव्हे. पोर्श कंपनीने १९८६ साली आपल्या ९५९ या अतिवेगवान मोटारीत चाकांतील हवेवर पाळत ठेवण्याची सोय केली होती. परंतु श्रीमंतांच्या त्या हौसेचे सरकारी फर्मान होण्यास एक अनर्थ घडावा लागला. सन २००० च्या सुमारास अमेरिकेत टायरांचा वरचा थर सुटून मोटारी उलटल्याची आणि माणसे दगावल्याची प्रकरणे गाजली, तेथील विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा केला, आणि पुढे २००७ च्या सप्टेंबरापासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत, हवा ठरल्या प्रमाणाच्या २५ टक्के खाली उतरली की चालकापुढे दिवा लागलाच पाहिजे, असा दंडक घातला. आपल्या सरकारने २०२० साली सक्तीऐवजी सवलत काढली: ज्या गाडीसोबत ट्यूबलेस टायर, हवेची ही टेहळणी आणि पंक्चर काढण्याचे साहित्य मिळेल, तिच्यात स्टेपनी नसली तरी चालेल. ही बातमी ऐकताच अक्कांनी, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींनी, स्टेपनीच्या जागी लोणच्याच्या किती बरण्या राहतील याचा हिशेब मांडला. परंतु सरकारी सवलतीचा लाभ घेणाऱ्यांचे पुढे काय होते हे नानांनी नोकरीत जवळून पाहिलेले असल्यामुळे त्यांनी टेहळणीही घेतली आणि स्टेपनीही ठेवली.

खरेदी अर्थातच नाना पेठेत झाली. बाजारात या सेन्सरांच्या दोन जाती मिळतात. एक आतली, तिच्यासाठी टायर रिमवरून उतरवून सेन्सर वॉल्व्हच्या मुळाशी बसवावा लागतो, चाकाचा तोल पुन्हा साधावा लागतो, आणि काही वर्षांनी त्यातील सेल संपला की बहुधा सबंध सेन्सरच बदलावा लागतो. दुसरी बाहेरची; वॉल्व्हचे टोपण काढावे आणि त्या जागी बोटाच्या पेराएवढा सेन्सर हाताने फिरवून बसवावा, की काम झाले. दुकानदार आतल्या जातीची रदबदली करीत होता. बाहेरचा सेन्सर चोरीस जातो, त्यास चिखल लागतो, हवा भरताना तो दर खेपेस काढावा लागतो, वगैरे त्याची कैफियत मुद्देसूद होती. "पण जो कारकून आतल्या खोलीत बसतो आणि जन्मात दृष्टीस पडत नाही, त्याच्या अहवालावर सही कशी करायची हो?" असा बिनतोड सवाल करून नानांनी बाहेरचे चार सेन्सर पदरात पाडून घेतले. त्यांजबरोबर चोरीच्या बंदोबस्तासाठी चार पितळी नट, एक चिमुकला पाना, आणि सूर्यप्रकाशावर चालणारी, काचेपाशी ठेवावयाची एक काळी डबी, असा सरंजाम होता. डबीवर गाडीचे चित्र, चित्राच्या चार कोपऱ्यांत चार आकडे: हवा किती पौंड आणि उष्णता किती अंश.

दाराच्या खांबावर कंपनीने डकविलेल्या चिठ्ठीत ३३ पौंड लिहिलेले होते. तेव्हा ३० च्या खाली किंवा ३६ च्या वर आकडा गेल्यास डबीने ओरडावे, असा हुकूम नानांनी तिला दिला, चारही सेन्सर स्वहस्ते आवळले, आणि भल्या पहाटे कडाक्याच्या थंडीत पुणे सोडताना चारही कोपऱ्यांत ३३ हा आकडा पाहून त्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरले, ते त्यांच्या कन्येच्या परीक्षेच्या निकालानंतरही मी पाहिले नव्हते. माझी नेमणूक पुढच्या आसनावर झाली होती. हाती एक लांबट वही देण्यात आली. तीत वेळ, ठिकाण, चाक, हवा, उष्णता आणि शेरा असे रकाने आखलेले होते.

"वसंतराव, दर अर्ध्या तासानं रुजवात घ्यायची. अंदाजपंचे काही लिहायचं नाही."

कात्रजचा बोगदा मागे पडला, शिरवळ आले, आणि खंबाटकीचा घाट चढता चढता डबीने पहिली किंकाळी फोडली. पुढील उजवे ३७. पाठोपाठ पुढील डावे, मग मागील उजवे. नानांनी गाडी कडेला घेतली. घाटातील मालमोटारींचे चालक आमच्याकडे सहानुभूतीने पाहत पुढे जात होते, आणि नाना त्या लाडक्या टायरांतील वाढीव हवा नखाने सोडून देण्याच्या बेतात होते. तेवढ्यात पदार्थविज्ञानाचा अभ्यास करणारी त्यांची कन्या शुभा मागून म्हणाली, "बाबा, चाक फिरलं की तापणारच, आणि तापलं की हवा चढणारच. पाच-सहा अंशांमागे एक पौंड धरा. तो ३३ आकडा थंड टायरचा आहे. आत्ता हवा काढलीत, तर उद्या सकाळी कमी भरेल."

"म्हणजे हे तिघे नियमाप्रमाणे वाढताहेत म्हणतेस?"

"हो. नियमच आहे तो."

"आणि हे मागील डावं? त्याला नियम लागू नाही?"

सर्वांच्या नजरा डबीच्या त्या कोपऱ्याकडे वळल्या. तेथे ३३ हा आकडा जसा पहाटे होता तसाच शांतपणे उभा होता. नाना क्षणभर स्तब्ध राहिले, आणि मग अत्यंत भारावलेल्या स्वरात त्यांनी मला शेरा सांगितला: "मागील डावे चाक, वर्तणूक समाधानकारक."

तेथून पुढे या चाकाच्या गुणगौरवास जो आरंभ झाला तो वाईपर्यंत खंडित झाला नाही. वास्तविक सकाळी दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीच्या डाव्या अंगावर ऊन पडते आणि त्या बाजूच्या चाकांत पौंडभर हवा अधिकच दिसावयास हवी. शुभाने तसे सांगितलेही, परंतु उन्हातही न तापणारे म्हणून नानांच्या लेखी त्या चाकाची योग्यता उलट वाढली. मराठी विश्वकोश ज्या गावी रचला गेला त्या वाईत आम्ही कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती पाहणार होतो. परंतु गाडी उभी केली तर टायर निवतील आणि नोंदींची मालिका तुटेल, या सबबीवर गणपतीस गाडीतूनच नमस्कार करण्यात आला. पसरणीचा घाट मी पाहिला नाही. तो माझ्या उजव्या हाताच्या खिडकीत होता की डाव्या, हेही मला सांगता येणार नाही, कारण त्या सबंध चढणीत मी ३७, ३८, ३८ आणि ३३ हे आकडे लिहीत होतो. पाचगणीला अक्का म्हणाल्या, "हवा खायला निघालोय की हवा मोजायला?" यावर नानांनी शेऱ्याच्या रकान्यात काही लिहू नये अशी मला खूण केली.

महाबळेश्वरी जेवणासाठी गाडी दीर्घकाळ उभी राहिली, आणि बाहेर येऊन पाहतो तो डबी एकटीच काचेआड आक्रोश करीत होती. तीन चाके शहाण्यासारखी ३४ वर उतरलेली, आणि ते सद्‍वर्तनी चौथे २९ वर. नाना तडक पंपावर गेले. तेथल्या पोऱ्याला सेन्सर काढता येईना, पाना अक्कांच्या फराळाच्या पिशवीत तळाशी गेलेला. अखेर चिवड्याच्या पुड्यातून तो हस्तगत झाला. पोऱ्याने आपल्या मापकाने शेजारचे निरोगी चाक पाहून सांगितले, "छत्तीस." नाना म्हणाले, "चौतीस." पोऱ्या म्हणाला, "माझा काटा खोटं बोलत नाही." नानांनी डबीकडे बोट दाखविले. हा वाद हातघाईवर येण्याचा रंग दिसू लागला, तेव्हा शुभेने मध्ये पडून तो मिटविला. पंपावरचा काटा भोवतालच्या हवेशी तुलना करतो, आणि साडेचार हजार फुटांवर ती हवाच विरळ असल्यामुळे आकडा दोन पौंडांनी फुगतो. उलट या जातीचे पुष्कळ सेन्सर आतला सगळा दाब मोजून त्यातून समुद्रसपाटीचा ठरावीक आकडा वजा करतात. दोघेही खरे होते. पोऱ्याला हे पटले. नानांना ते फारच पटले, कारण त्यांनी त्याच विवेचनाचा आधार घेऊन मागील डाव्या चाकाची निर्दोष मुक्तता केली. "उंचीचा परिणाम," ते म्हणाले. "बाबा, मग तो एकाच चाकावर कसा?" हा प्रश्न तहकूब ठेवण्यात आला. चौथ्या चाकात हवा भरून, सेन्सर पूर्ववत आवळून, आम्ही प्रतापगड डाव्या हाती ठेवीत आंबेनळीच्या घाटाने कोकणात उतरू लागलो.

उतारावर ब्रेक तापले, खालची दमट हवा अंगास भिडली, तीन चाके पुन्हा उधळली, आणि चौथे पुन्हा ३३ वर समाधिस्थ झाले. नानांनी माझ्याकडे असे पाहिले की मी न सांगता शेरा लिहिला.

पोलादपुरास चहा घेईपर्यंत ते २८ वर होते.

पंक्चरवाल्याचे दुकान हमरस्त्याला लागूनच होते. दुकानदार मूळचा केरळचा, परंतु जन्म इकडेच गेल्यामुळे बोलणे निखळ रायगडी. त्याने डबीकडे ढुंकूनही पाहिले नाही. चाक उतरविले, हवा मारून पाण्याच्या पिंपात फिरविले, टायरची इंच न् इंच जागा न्याहाळली. खिळा नाही, काच नाही, एक बुडबुडा नाही. मग सेन्सर जागी बसवून त्याने एका फुटक्या कपातले साबणाचे पाणी ब्रशने त्याच्या बुडाशी लावले आणि उकिडवा बसून राहिला. थोड्या वेळाने तेथे मोहरीएवढा एक फुगा वर आला, ज्वारीएवढा झाला, फुटला. त्याच जागी दुसरा उगवला.

"हवा हाच खातोय," तो म्हणाला.

वॉल्व्हच्या मध्यभागी एक बारीक खिळी असते. ती दबली की हवा सुटते, सोडली की दार बंद. टोपण त्या खिळीच्या वाटेस जात नाही. बाहेरचा सेन्सर मात्र ती अहोरात्र दाबून धरतो, कारण दार उघडे ठेवल्याविना आतला दाब त्यास कळत नाही. आणि तेव्हापासून सगळी हवा त्याच्या पोटातील रबरी वायसरच्या भरवशावर राहते. आमच्या चौथ्या सेन्सरचा वायसर आवळताना मुडपला होता. म्हणजे पहाटेपासून चाकातील हवा जो खात होता, तोच तिचा हिशेब पै न् पै प्रामाणिकपणे वर कळवीत होता. अशी माणसे मी पाहिली आहेत, परंतु त्यांना बढत्या मिळाल्या.

दुकानदाराने जुने टोपण मागितले. ते अक्कांनी सुपारीच्या डबीत जपून ठेवलेले होते. हवा भरून त्याने ते दोन बोटांनी बसविले, आणि पंक्चर नसल्यामुळे केवळ मजुरी घेतली. ती देताना नानांनी पावती मागितली, तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

बडतर्फ सेन्सर नानांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. तो मात्र सेवेतून निवृत्त झाला नव्हता. खिशातूनही त्याचे अहवाल चालूच होते, आणि डबीच्या चौथ्या कोपऱ्यात शून्य पौंड, चौतीस अंश असे तांबडे आकडे लखलखू लागले. ते चौतीस अंश नानांच्या छातीचे होते. "बाबा, बंद करून टाका ना ते!" शुभा कानांवर हात ठेवून म्हणाली. परंतु चालू खाते आर्थिक वर्षाच्या मध्यास बंद करण्याची पद्धत नाही, असे सांगून नानांनी केवळ आवाजाची कळ दाबली आणि रुजवात पुढे चालू ठेवण्याची मला ताकीद दिली. कशेडीचा बोगदा, भरणे नाका, खेड, दापोलीच्या वाटेवरील वळणे. सर्व ठिकाणी मी मागील डाव्या चाकापुढे शून्य लिहीत गेलो.

दापोलीस आम्ही नानांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे उतरलो होतो. तेही त्याच खात्यातून निवृत्त झालेले. रात्री जेवणानंतर त्यांनी चष्मा लावून ती वही प्रथमपासून वाचली, एक-दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली, आणि शेवटच्या पानाशी थबकून विचारले, "नाना, पोलादपूरपासून या चाकात हवाच नाही. मग तुम्ही इथवर आलात कसे?"

"ते मला ठाऊक नाही," नाना शांतपणे म्हणाले. "दप्तरी नोंद तशी आहे."

सहकाऱ्याने मान डोलावली आणि खाली सही केली.