एक्कावन्नावा मीटर

२०२०च्या सरकारी नियमाप्रमाणे शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. नियम करणाऱ्यांची दूरदृष्टी मला उशिरा उमगली. समोश्यासाठी का होईना, पोरं तेवढं तरी चालतील!

बाकी चालायचं कुठे? जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमसास वाढवणारी हालचाल सांगते. आमच्या सोसायटीत ती होते, लिफ्ट बंद पडली की. मोकळ्या जागेत गाड्या उभ्या, आणि भिंतीवर ‘येथे खेळू नये’. शाळेतला पी.टी.चा तास? तो गणिताच्या सरांनी परीक्षेपर्यंत उसना घेतलाय. (हे उसनं कधी फिटल्याचं ऐकिवात नाही.)

घरी तर आनंदच. ‘दोडक्याची भाजी संपव, मग चॉकलेट देते!’ दोडका ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, हा धडा आपणच गिरवून घेतो. काल मीही सोफ्यावरून, मांडीवर फरसाणाची वाटी सांभाळत, चिरंजीवांना दटावलं, ‘जा, जरा हातपाय हलव!’

त्याने हात हलवला. थेट वाटीत.