घरात मोठं कोणी आहे का?

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या ओंकारला सतरा पूर्ण झाली आहेत, पण वय विचारलं की तो ‘अठरावं चालू’ असं सांगतो. वय वाढवून सांगणारी माणसं एवढ्याच वयात भेटतात.

दूध त्यानं दहावीनंतर सोडलं. आता चहा लागतो, तोही ‘साखर कमी’. पाहुणे आले की अग्रलेखाचं पान उघडून बसतो आणि मध्येच ‘महागाई वाढलीय खरी’ असं पुटपुटतो. वरच्या ओठावर जी लव आहे, तिला तो मिशी म्हणतो. परवा वडिलांच्या रेझरनं ती पहिल्यांदा काढली आणि तुरटीचा खडा ओठावर दाबून बाहेर आला. आजी म्हणाली, “मांजरानं ओरबाडलं का रे?”

घरात त्याचं वय कामाप्रमाणे बदलतं. गॅसचा सिलिंडर सरकवायचा असला की “एवढा घोडा झालास, उचल की!” मित्रांबरोबर लोणावळ्याला जायचं म्हटलं की “मिसरूड फुटलं नाही अजून, लोणावळा म्हणे!” दोन्ही वाक्यं एकाच तोंडची, कधी कधी एकाच सकाळची. अर्थात तोही काही कमी नाही. मावशी निघताना ‘खाऊला घे’ म्हणून शंभराची नोट काढते, तेव्हा “अगं, मी काय लहान आहे का?” म्हणत तो मागे सरतो. खिसा मात्र पुढेच राहतो.

सरकारचंही घरच्यांसारखंच. एसटीनं बारा वर्षं होताच पूर्ण तिकीट लावून त्याला मोठा केला. सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो, पण पन्नास सीसीपर्यंतच; आईची स्कूटर एकशे दहाची. ती चालवताना सापडला तर २५,००० रुपये दंड पालकांना. म्हणजे स्वतःचा गुन्हा स्वतःच्या नावावर घेण्याइतकाही तो मोठा नाही!

पण जिव्हारी लागते ती दारावरची बेल. रविवारी प्लंबर आला. ओंकारनं दार उघडलं आणि आवाज जमेल तेवढा खाली नेऊन म्हणाला, “बोला.” प्लंबरनं टाचा उंचावून त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि विचारलं, “घरात मोठं कोणी आहे का?”

ओंकार पाच फूट दहा इंच आहे.

आता त्याची सगळी भिस्त निवडणूक आयोगावर. सतरा पूर्ण झाली की मतदार यादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. त्यानं त्याच आठवड्यात नमुना ६ भरला. त्यातही नातेवाइकाच्या रकान्यात वडिलांचं नाव लिहावं लागलं, ते जरा घुश्शातच लिहिलं.

तेव्हा आमच्या प्रभागात मतं मागायला येणाऱ्या उमेदवारांनो, दुसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार यानं उघडलं, तर ‘बाळा, बाबांना बोलाव’ म्हणू नका. पत्रक त्याच्याच हातात द्या आणि ‘साहेब’ म्हणा. बाबा तसेही मतदानाच्या सुट्टीला अलिबागला जातात.