थकलेल्यांसाठी दोन शब्द

दवाखान्यातल्या माणसांचा थकवा घालवायला रिक्त जागा भराव्यात की व्याख्यान ठेवावं, असा पेच पडला की प्रशासन अचूक व्याख्यान ठेवतं. त्यामागे मोठा विचार आहे. जागा भरायची म्हणजे मंजुरी, जाहिरात, परीक्षा, निकाल आणि निकालाला स्थगिती. व्याख्यानाला शाल, नारळ आणि माझ्यासारखा वक्ता पुरतो. शिवाय भरलेल्या माणसाला दरमहा पगार द्यावा लागतो, नारळ एकदाच.

परवा चाकूरला बोललो. विषय होता 'ताण हाच मित्र'. समोर सिस्टर, एएनएम, आशाताई. बऱ्याच जणी नाईट उरकून थेट आलेल्या, कारण पत्रात 'उपस्थिती अनिवार्य' होतं. मी म्हटलं, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. दुसऱ्याच श्वासाला मागची रांग गाढ झोपली. इतक्या लवकर गुण येणारी वनस्पती तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या संजीवनी बेटावर उत्तरा नक्षत्रातसुद्धा सापडायची नाही! एका सिस्टरनं मात्र श्वास आत घेतला, मोबाइल कानाला लावून "बीपी किती आहे? लातूरला न्यायची तयारी ठेवा" असं दबक्या आवाजात सांगितलं आणि मगच तो सोडला. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर एक आशाताई उठल्या. "सर, मोबदला कवा जमा होतो, ते बी सांगा की." सकारात्मक विचारांचा अभाव, दुसरं काय.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की बर्नआउट हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण वर्षानुवर्षं नीट हाताळला नाही की ही अवस्था येते. म्हणजे दोष ठिकाणाचा. जिनिव्हात असेल तसं. आपल्याकडे दोष मनाचा असतो, आणि ते सोयीचं आहे, कारण मनाच्या दुरुस्तीला निविदा काढावी लागत नाही.

आणि सरकार काहीच करत नाही, असंही नाही. निवासी डॉक्टरांसाठी १९९२ च्या केंद्रीय आदेशात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलानं, डॉक्टरांच्या मानसिक आरोग्याचा कळवळा येऊनच, ७४ तासांची शिफारस केली. सोबत रोज सात-आठ तास झोपेचीही. ३२ वर्षांत २६ तासांची प्रगती! त्याआधी ३ मे २०२० ला वायुदलानं हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं उधळलीच होती. त्याच काळात कोविडच्या जास्तीच्या कामासाठी आशाताईंना केंद्राकडून महिन्याला १००० रुपये होते. पण पैशाला फुलांचा सुगंध कुठून येणार?

आमच्या मराठवाड्यानं तर याहून झटपट उपाय दाखवला. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. माणसं किती कमी, औषधं किती, खाटा किती आणि रुग्ण किती, ही कंटाळवाणी चर्चा सुरू होत होती. तेवढ्यात एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करून घेतलं. खासदारांवर पुढे गुन्हाही नोंदला गेला, पण तो तपशिलाचा भाग. सफाई कामगाराची जागा रिकामी असली तरी अधिष्ठाता असल्यावर काम अडत नाही, हे कॅमेऱ्यासमोर सिद्ध झालं. आता अधिष्ठात्यांना थकवा आला, तर व्याख्यानाला मी आहेच.

तेव्हा तालुक्या-तालुक्यांतल्या आयोजकांना विनंती, तारखा लवकर कळवा. १२ मेचा परिचारिका दिन आणि १ जुलैचा डॉक्टर दिन आधीच भरलेत. मानधन वेगळं, प्रवासखर्च वेगळा. आणि व्याख्यानाच्या दिवशी कुणाचीही रजा मंजूर करू नये. टाळ्यांना माणसं कमी पडतात.