फोटो लावणाऱ्यांचा उच्छाद

काय दिवस आलेत बघा! पूर्वी अख्ख्या लग्नाला ३६ फोटोंचा एक रोल पुरायचा, त्यातले दोन-चार तर काकांच्या अंगठ्याचे. उरलेले अल्बमात चिकटवले की वीस वर्षं निवांत. आता साध्या सत्यनारायणाला दोनशे फोटो, त्यातले चाळीस नुसत्या शिऱ्याचे! बरं, काढले तर काढले. पण रात्री जेवणं आटोपल्यावर डोळे फोडत ते लावत बसायचे? अल्बमाच्या पोटात अल्बम? लोकांना झालंय तरी काय?

चिथावणी कुणाची, हे जगजाहीर आहे. २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं आणि म्हणालं, टाका हवे तेवढे, फुकट! फुकट म्हटल्यावर आपण मागे हटतो होय? बारसं, वीजबिल, शेजाऱ्यांच्या नव्या टाइल्स, सगळं वर चढवलं. १ जून २०२१ पासून त्यांनी हात आखडला. ईमेल वगैरे सगळं धरून १५ जीबी. झालं! घरोघरी साफसफाईची साथ पसरली.

त्यात सगळ्यात चेकाळलेत ते चेहरेवाले. फोन चेहऱ्यांचे गठ्ठे करतो आणि वर साळसूदपणे विचारतो, ही व्यक्ती तीच की वेगळी? एकीकडे मोठी आत्या, दुसरीकडे धाकटी. ‘तीच’ म्हणून मोकळं व्हावं, तर गणपतीत दोघी समोरासमोर येणार! कुणाचा गठ्ठा मोठा यावरून म्हणे एका घरात जावाजावांत अबोला आहे. आणि चौकातल्या फ्लेक्सवरचे भाऊ? वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारत तेही आपल्या सासऱ्यांच्या शेजारी हसत बसलेले. २०१७ पासून तर कुत्र्यामांजरांनाही स्वतंत्र गठ्ठा मिळतो. मोत्याचा सापडतो, धाकट्या दिरांचा सापडत नाही!

‘रिकामटेकड्यांचे धंदे’ म्हणून नाक मुरडणारे निवृत्त बँकवाले काका आता पुरते बाटलेत. जुने फोटो स्कॅन केले की तारीख पडते स्कॅनची, म्हणजे आजोबांची मुंज थेट परवाच्या मिसळीशेजारी. काका एकेक तारीख हाताने सुधारतात. मुंज नेमकी कोणत्या साली, यावर रात्री अकराला नागपूरच्या भावाला उठवतात. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो आला की काढल्याची वेळ आणि जागा दोन्ही गळून पडतात, हे त्यांना कळल्यापासून तर घरात चहाआधी एकच घोष: “डॉक्युमेंट म्हणून पाठव रे!”

आपली कीर्ती सातासमुद्रापार गेलीच आहे. सुप्रभाताच्या फुलांनी भारतीय फोन तुंबतात म्हणून २०१८ च्या सुमारास गूगलने फाइल्स गो अॅपमध्ये ती फुलं वेचून काढण्याची खास सोय केली. कमळामागून उगवणारा सूर्य ओळखायला बिचाऱ्या यंत्राची शिकवणी घ्यावी लागली! लाजायचं की मिरवायचं?

आणि शोधणाऱ्या बायका! ‘साडी’ एवढं टाइप करून कोणत्या लग्नात कोणती नेसली होती याची छाननी करतात. स्वतःची एकदाच, नणंदेची दोनदा. शी, किती हा खोचकपणा! आपण बाई असलं काही करत नाही. ती जांभळी पैठणी वर आली ती ‘वांगी’ शोधताना.