थंडीबाईंना जाहीर जाब

श्रीमती थंडीबाई,
मु. पो. उत्तर गोलार्ध

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, २०१३ सालच्या डिसेंबरात तुम्ही पूर्वसूचना न देता अमेरिकेत दाखल झालात आणि सायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका नामांकित कंपनीला तोंडघशी पाडलंत. एवढ्या वर्षांत तुम्हाला कुणी साधा जाब विचारला नाही. मी पडलो पुण्याचा सायकलवाला. आमच्याकडे तुम्ही फार तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी चार दवबिंदू गोठवता, वर्तमानपत्रात फोटो छापून घेता आणि निघता. त्यामुळे वैयक्तिक वैर नाही. पण न्याय तो न्याय.

प्रकरण तुमच्या लक्षात नसेल तर सांगतो. शिकागोच्या स्रॅम कंपनीने त्या वर्षी रोड सायकलींसाठी हायड्रॉलिक ब्रेक आणले. डिस्कवरचे आणि रिमवरचे, दोन्ही. रचना देखणी. लिव्हर दाबला की मुठीतल्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, नळीतलं तेल चाकापाशी दाब पोचवतं आणि पॅड डिस्कला किंवा रिमला आवळतात. वायर ओढायची नाही, बोटं दुखवायची नाहीत. मात्र सगळी भिस्त सिलिंडरमधल्या रबरी सीलवर. सीलने दाब धरला तर ब्रेक लागतो. नाही धरला तर लिव्हर मुकाट हँडलपर्यंत येतो आणि पुढचं वळण जिथल्या तिथे असतं.

हे ब्रेक घेण्यात आघाडीवर कोण, तर सायक्लोक्रॉसवाले. हा खेळ तुम्हाला ठाऊक असणार, कारण तो तुमच्याच मोसमात चालतो. पानगळीला सुरू होतो आणि ऐन हिवाळ्यात रंगात येतो. सायकल खांद्यावर घेऊन अडथळे ओलांडायचे, चिखलात लोळायचं, बर्फातून पेडल मारायचं. चिखलाने माखलेल्या रिमवर पॅड टिकेनात, म्हणून या मंडळींना डिस्क हवी होती. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१० मध्ये सायक्लोक्रॉसला डिस्क ब्रेकची मुभा दिली, रस्त्यावरच्या शर्यतींच्या किती तरी आधी. थोडक्यात, हिवाळ्यात शर्यत लावणाऱ्या लोकांच्या हाती हा ब्रेक पडला. आता त्यांनी तो हिवाळ्यातच वापरला, यात कंपनीचा काय दोष?

तुम्ही येण्याआधी काही ठरावीक आठवड्यांत बनलेल्या मालापुरती परत बोलावण्याची सूचना निघाली होती. बाकीचा माल निर्धास्त. तेवढ्यात तुम्ही आलात. शून्याखालच्या तापमानात झालेल्या शर्यतींत सीलने दाब सोडला, ब्रेकचं बळ एकाएकी गेलं, सायकल थांबेना. १३ डिसेंबरला, आणि तोही शुक्रवार, कंपनीने सगळेच हायड्रॉलिक रोड ब्रेक परत बोलावले आणि सांगितलं की या सायकलींवर बसू नका. तोवर कुणाला इजा झाल्याची नोंद नव्हती. एवढं मात्र खरं, की कंपनीने एकदा कबूल केल्यावर हात आखडता घेतला नाही. ‘तुमचा तेवढा ठीक असेल, तपासून बघा’ असं म्हणत बसली नाही. सरसकट सगळं मागे घेतलं. मोठ्या कंपन्यांत हे रोज घडत नाही.

आता तुमच्या बाजूचे वकील म्हणतील, कंपनी शिकागोची आहे! तिथे २० जानेवारी १९८५ रोजी पारा उणे ३३ अंशांच्या आसपास उतरला होता. मान्य. पण कंपनीची स्थापना १९८७ची. आपल्या जन्माआधीची थंडी तिने कशाला लक्षात ठेवावी? आणि ब्रेक परत बोलावल्यावर तीन आठवड्यांनी, ६ जानेवारी २०१४ला, तुम्ही त्याच शिकागोत पारा उणे २७ अंशांवर नेलात. याला जखमेवर मीठ चोळणं म्हणतात, बाई. तेही ज्या गावात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठच टाकतात, त्या गावात.

रबराशी तुमचं जुनं वाकडं आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान उडालं, तेव्हा हवा गोठणबिंदूच्या जेमतेम वर होती. बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने ताठरली आणि सात जण गेले. तिथे मला विनोद सुचत नाही. पुढे चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून दाखवलं की तो लगेच पूर्ववत होत नाही. प्रयोगाचं साहित्य म्हणजे पेलाभर पाणी आणि थोडा बर्फ. सायकलच्या ब्रेकला याहून महागडी प्रयोगशाळा लागली असती, असं मला वाटत नाही. शिकागोत तर बर्फही विकत घ्यावा लागत नाही.

गिऱ्हाइकांचं काय झालं तेही ऐका. या सायकलींत गिअरचा शिफ्टर आणि ब्रेकचा सिलिंडर एकाच मुठीत. ब्रेक गेला म्हणजे शिफ्टरही उतरवायचा, नळी काढायची, वायर ओवायची, गिअर पुन्हा जुळवायचे. दुकानदाराचा निम्मा दिवस त्यात. तात्पुरते म्हणून वायरवाले ब्रेक मिळाले; सुधारलेले हायड्रॉलिक ब्रेक २०१४ मध्ये आले, तोवर तुमचा मोसम आटोपला होता. म्हणजे ज्या हिवाळ्यासाठी एवढे पैसे मोजले, तो हिवाळा लोकांनी जुन्या वायरवर काढला. आणि शर्यती चालूच राहिल्या, ही बातमी तेवढी कंपन्यांच्या विक्री खात्याला कळवू नका.

तरी नम्र विनंती, यापुढे नवा माल बाजारात यायच्या आधी, तो अजून कारखान्यात असतानाच एकदा चक्कर टाकावी. कारखान्याचं दार वाजवायला संकोच वाटत असेल तर फ्रीजर चालेल.

कळावे,
आपला,
एक सायकलस्वार

ता. क. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीने २०१२ ते २०१९ दरम्यान बनलेल्या रोड सायकलींच्या काही क्रँकबद्दल, म्हणजे पेडलच्या दांड्यांबद्दल, सूचना काढली. दोन भाग चिकटवून बनवलेली क्रँक सुटते म्हणे. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६,८०,००० क्रँक आणि सुटल्याच्या ४,५१९ घटना. त्यात तुमचं नाव कुठेच नाही, निश्चिंत असा. तिथे सायकल दुकानात न्यायची, दुकानदाराने क्रँक तपासायची आणि सुटायला लागल्याचं दिसलं तरच बदलून मिळायची. अजून सुटायला लागली नसेल, तर तीच क्रँक घेऊन आनंदाने घरी जायचं.