उघडलंच आहे तर...

गाडीच्या धंद्यातलं सर्वांत महागडं वाक्य शोरूममध्ये ऐकू येत नाही. ते गाडीखाली उताण्या पडलेल्या मिस्त्रीच्या तोंडून येतं : “साहेब, उघडलंच हाय तर हेबी करून टाकूया.” याला उत्तर नाही. नको म्हणावं, तर उद्या तोच भाग गेल्यावर पुन्हा उघडायची मजुरी आपल्याच बोडक्यावर. बरं म्हणावं, तर तो काढल्यावर त्याच्या मागचा दिसतो, आणि मागचा कधीच धड नसतो. माझ्या पिकअपचा अख्खा जीर्णोद्धार या एका वाक्याच्या जोरावर झाला. मी गाडी नेली होती ती क्लच प्लेट बदलायला.

गाडी म्हणजे महिंद्राची जुनी डिझेल पिकअप. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत ज्या विलिस जीपा जोडल्या जाऊ लागल्या, त्यांच्याच खानदानातली. म्हणून पुढून जीप, मागून टेम्पो. इंजिन फ्रेंच, प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. नावातच कुंडली आहे : चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३, एकूण २११२ सीसी. तिकडे युरोपात हे इंजिन प्यूजो ५०४ या मोटारीत बसून सूटबूटवाल्यांना हिंडवत होतं. इकडे ते इगतपुरीत तयार झालं आणि पन्हाळ्याच्या बाजूला एका गुऱ्हाळवाल्याच्या दारात येऊन गुळाच्या ढेपा वाहायला लागलं. निवृत्तीनंतर मी ती त्याच्याकडून विकत घेतली. बँकेत असताना ‘सदर वाहन जुने असल्याने कर्ज मंजूर करू नये’ अशा टिपणांवर मी आयुष्यभर सह्या केल्या, त्यामुळे ही खरेदी रोखीत करावी लागणार हे मला आधीच माहीत होतं.

“लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात,” ही म्हणाली, “तुम्ही उद्यमनगरला जा.” उद्यमनगर म्हणजे आमच्या कोल्हापुरातली कारखान्या-गॅरेजांची वस्ती.

गुळाचं गाडीवर फार प्रेम होतं. रबरी मॅट उचलली तर खाली काकवीचा टणक थर आणि त्यात मुंग्यांच्या कैक पिढ्या. केबिनचा-हौद्याचा पत्रा आणि काकवी यांच्यात नेमकं कोण कुणाला धरून आहे, हे डेंटिंगवाल्यालाही सांगता येईना. त्यानं गंजका भाग कापून नवा तुकडा जोडायला घेतला, वेल्डिंगची ठिणगी पडली, आणि सगळ्या गल्लीत खमंग वास सुटला. शेजारच्या लेथवरची दोन माणसं हात पुसत आली आणि चिक्की कुठं केलीय म्हणून विचारू लागली. फाळका मात्र एवढा सडला होता की तो काढताना हातातच आला. तो नवा केला. पत्र्याच्या कामाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. पैसे लागतात आणि रंग चांगला दिसतो.

खरी गोष्ट पोटातली. पन्हाळ्याचा चढ लागला की इंजिन जीव खाऊन ओरडायचं आणि गाडी होती त्याच चालीनं चालत राहायची. रीजनल मॅनेजर फोनवर ओरडत असताना आमच्या शाखेत कामाचा वेग असाच असायचा, त्यामुळे रोगनिदानाला मला मिस्त्री लागला नाही. क्लच घसरत होता.

गिअरबॉक्स उतरला, आणि बाहेर आलेली प्लेट मिस्त्रीनं माझ्या हातात दिली. दोन्ही बाजूंचं अस्तर रिव्हेटांच्या डोक्यापर्यंत झिजलेलं. मधल्या स्प्रिंगांपैकी एक बेपत्ता, दुसरी आपल्या घरात सैल गरगरणारी. फ्लायव्हीलवर रिव्हेटांनी कोरलेली वर्तुळं होती. नख फिरवलं की त्यात अडकायचं. अधूनमधून निळे-जांभळे डाग, लोखंड तापून उमटलेले. मिस्त्रीनं त्या डागांवरून बोट फिरवलं, वर बघितलं, आणि पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं. फ्लायव्हील लेथवर गेला.

मग प्रेशर प्लेट. आधीच्या कुणीतरी जुन्या पद्धतीची, तीन बोटांची बसवली होती. तिच्यात कॉइल स्प्रिंगा गोलात मांडलेल्या असतात. पेडल जितकं खाली न्याल तितका त्यांचा विरोध वाढत जातो. शेजारच्या गांधीनगरच्या बाजारातून येताना वाटेत जेवढे सिग्नल तेवढ्या माझ्या डाव्या पायाच्या बैठका होत. डायफ्रॅमवाल्या प्लेटीत त्याऐवजी एकच खोलगट चकतीची स्प्रिंग असते. तिचा स्वभाव निराळा आहे : सुरुवातीला ताठरपणा दाखवते, एका टप्प्यापुढे ढकललं की हट्ट सोडते. पेडल हलकं, पकड घट्ट. माझ्या मते गुडघ्याच्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर ही लिहून द्यायला हरकत नाही. प्लेट घेतली, रिलीज बेअरिंग घेतलं. जुनं बेअरिंग पेडलवर पाय ठेवला रे ठेवला की कुईं करायचं आणि रस्त्यावरची कुत्री मान वर करायची.

इथं थांबता आलं असतं. पण घसरणारा क्लच एक पुण्यकर्म करत असतो, ते नवा बसवल्यावर कळतं. त्याच्या घसरण्यामुळे इंजिनाचा पुरता जोर कधी मागे पोचलेलाच नसतो. आता तो पोचणार होता, आणि मागे बसला होता तो चार गिअरचा म्हातारा केएमटी ९०. त्याचा दुसरा गिअर किरकिर केल्याशिवाय पडत नसे, कारण आतल्या पितळी सिंक्रो रिंगा घासून गुळगुळीत झालेल्या. मी डबल क्लचवर भागवत होतो : क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, किंचित रेस द्यायची, पुन्हा दाबायचा, मग गिअर. माझ्या पुतण्याला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, “काका, मग स्टिअरिंग कोण धरायचं?”

“साहेब, बॉक्स उतरलाच हाय...” मिस्त्री म्हणाला.

“पाच गिअरचा?” मी विचारलं. माणूस वाक्य पूर्ण व्हायची वाट बघायचंही सोडून देतो.

ठरलं बीए १०. तोही मुळात प्यूजोच्या घरातला, तेव्हा इंजिनाशी सोयरीक जमेल असा हिशेब. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह. म्हणजे हायवेला इंजिनाला जरा दम खाता येतो आणि आत बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. हा दुसरा फायदा आहे की तोटा, यावर आमच्या घरात एकमत नाही.

सेकंडहँड गिअरबॉक्स घेताना मिस्त्रीनं जे केलं ते बघण्यासारखं होतं. भंगारवाला वरचं हाऊसिंग पुसून चकचकीत करून दाखवत होता. याने तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. खालचा नट सैल केला, धार तळहातावर घेतली आणि हात उन्हात धरला. काळ्या तेलात सोनेरी चमक. “सोनं निगालं,” तो म्हणाला आणि बॉक्स परत ढकलला. ते सोनं म्हणजे सिंक्रो रिंगांचं झिजलेलं पितळ. दुसऱ्या बॉक्सातनं तेलच निघालं नाही, तोही परत. तिसऱ्याचं तेल काळं पण साधं, इनपुट शाफ्ट हातानं फिरवला तर कुठं अडत नव्हता, धरून हलवला तर खेळत नव्हता. तो आम्ही पिकअपच्या नव्या हौद्यात न घालता रिक्षातून आणला, कारण पिकअप गिअरबॉक्सविना उभी होती.

सोयरीक जमली, पण मानपान राहिले. नव्या बॉक्सच्या शाफ्टवरचे दाते वेगळे, त्यामुळे नवीकोरी क्लच प्लेट त्यावर चढेना. दुकानदार म्हणाला, ग्रीस लागलेला माल परत होत नाही. ती प्लेट आता माळ्यावर आहे. बॉक्सचा मागचा आधार पुढेमागे करावा लागला. गिअरचा दांडा नव्या जागी वर आला, म्हणून नुकताच जोडलेला पत्रा पुन्हा कापला. गल्लीत पुन्हा चिक्कीचा वास. आणि बॉक्सची लांबी निराळी असल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट कापून जोडणं आलं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ‘होत नाही’ हे उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. या गावाला ती खोडच आहे. मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांना सिनेमाचा कॅमेरा हवा होता, तर त्यांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून तो कोल्हापुरातच बनवला. पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री होतं, हे इथं नमूद केलेलं बरं. ज्या गावात कॅमेरा होतो त्या गावात शाफ्टचं काय घेऊन बसलात!

फक्त शाफ्टमध्ये एक मेख असते. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस बसतात, आणि दोन्हीकडचे काटे एका रेषेत असावे लागतात. मग एका टोकाला फिरण्यात जो हिसका बसतो, तो दुसरं टोक भरून काढतं. रेष चुकली की शाफ्ट थरथरतो. कापण्याआधी कारागिरानं खडूनं दोन्ही टोकांवर सरळ रेघ ओढली होती. मग एक हुशार पोरगं फडकं घेऊन आलं आणि साहेबांचा माल म्हणून शाफ्ट लख्ख पुसून गेलं.

चाळीसच्या वेगाला गाडी थरथरायला लागली. साठला आरसा सगळ्या मागच्या गाड्या दुहेरी दाखवू लागला. मिस्त्री शेजारी बसला होता, त्यानं डोळे मिटून घेतले, नुसतं ऐकलं आणि म्हणाला, “काटं फिरल्यात.” शाफ्ट परत गेला, परत कापला, परत जोडला, बॅलन्सिंगला लावला. त्या वेळी कारागिरानं रेघ खडूनं न ओढता छिन्नीनं पाडली आणि पोराला चहा आणायला पाठवलं.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते भराभरच घडलं. क्लच भक्कम, बॉक्स भक्कम, शाफ्ट सरळ. मग सगळा जोर मागच्या क्राऊन-पिनियनवर. ते भुंग्याच्या स्वरात गुणगुणू लागलं. उघडलं. गाडी आता पळते म्हटल्यावर थांबायलाही हवी, म्हणून ब्रेक उघडले. जुन्या गाडीत एक भाग बळकट केला की दुबळेपण मरत नाही, फक्त एक जागा मागे सरकून बसतं. आणि मागच्या चाकांच्या मागे मालकाचा खिसा असतो. तिथं ते मुक्कामाला आलं तेव्हाच काम संपलं.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, त्याप्रमाणे गाडी तपासणीला नेली. आरसीवर इंजिनाचा नंबर असतो, चासीचा असतो. आतला कुठला गिअर किती मिनतवारीनं पडतो याला तिथं रकाना नाही. मागच्या रिफ्लेक्टर पट्टीचा एक कोपरा सुटला होता, तेवढा चिकटवून आणायला सांगितलं. चिकटवला. पास झाली.

आता पन्हाळा ती तिसऱ्यावर चढते आणि पेडल करंगळीनं दाबावं इतकं हलकं आहे. करंगळीनं दाबून बघितलं नाही. हिला ते दाखवायला घेऊन गेलो तर ती म्हणाली, “चांगलं झालंय हो, पण पंखा कुठाय?” मिस्त्रीच्या कानावर हे जाऊ दिलेलं नाही. डॅशबोर्ड अजून उघडलेला नाही.

तुम्ही कुणी जुनी पिकअप घेणार असाल, तर रंगाकडे बघू नका आणि मालकाच्या शपथांवर जाऊ नका. मोकळ्या, सपाट जागी, पुढे कुणी नाही हे बघून, हँडब्रेक पक्का ओढा, इंजिन चालू ठेवून वरचा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन धडपडून बंद पडलं, तर क्लचही चांगला आणि हँडब्रेकही, सौदा करा. गाडी पुढे सरकली, तर क्लच चांगला, हँडब्रेकचे पैसे कापून घ्या. आणि दोन्ही न होता इंजिन नुसतंच चालू राहिलं, तर किंमत निम्म्यावर आणा, उरलेली निम्मी बाजूला ठेवा, आणि मिस्त्रीला काय काय उघडायचंय ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून मागा.