वाचनालयातल्या बाई

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या मागे एक 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय असतं, आणि त्यात ग्रंथपालाच्या खुर्चीवर बाई असतात. त्यांना नाव असतं, पण ते हजेरीपटापुरतं. गाव त्यांना 'वाचनालयातल्या बाई' एवढंच म्हणतं.

कपाटांवर ड्युईच्या पद्धतीचे आकडे चिकटवलेले असतात. 641.5 म्हणजे पाककृती, 891.46 म्हणजे मराठी साहित्य. हे तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. बाईंची पद्धत निराळी. "बाई, ते निळ्या कव्हरचं, शेवटी नवरा परत येतो ते," एवढ्यावर त्या उठतात आणि "परत कुठला येतोय, नुसतं पत्र येतं त्याचं," असं म्हणत बरोबर तेच पुस्तक हातात ठेवतात. कुठली कादंबरी कुणाच्या घरी आहे, ती सुनेपर्यंत पोचली की सासूनंच उशाशी दाबून ठेवलीय, हेही त्यांना ठाऊक असतं. संगणकात या नोंदीला रकाना नाही.

12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या फोटोला हार घालतात. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हा त्यांचा 1931 सालचा पाचवा सिद्धान्त बाईंना मनापासून पटलेला आहे. त्यांच्या वाचनालयात वाळवी, थकबाकी आणि कार्यकारिणीतले मतभेद वाढतच असतात. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यामुळे अनुदानाच्या हप्त्यात पगार, वीजबिल आणि नवी पुस्तकं कशी बसवायची, हे त्यांनाच विचारावं असं बाईंना मार्चअखेरीस फार वाटतं.

1967 च्या ग्रंथालय कायद्यानं वाचनालयं सरकारी अनुदानाच्या छत्राखाली आली आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. वर्ग टिकवायचा तर उपक्रम दाखवावे लागतात. बाईंची प्रतिभा फुलते ती इथे. एकदा त्यांनी पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालून 'नाव न बघता पुस्तक न्या' अशी योजना काढली. एक निवृत्त मास्तर तिसऱ्याच दिवशी हजर. "कसं वाटलं, सर?" "उत्तम. उभं सातवं तेवढं अडलं." मास्तरांनी कव्हरावरचं शब्दकोडं सोडवून पुस्तक तसंच परत आणलं होतं. पुस्तकभिशी मात्र चालली. बायकांनी दरमहा पैसे काढायचे, जिची चिठ्ठी निघेल तिनं आवडीचं पुस्तक विकत घ्यायचं आणि ते सगळ्यांत फिरवायचं. यात पुस्तकापेक्षा चिठ्ठी निघण्यात गोडी जास्त होती, हे बाईंनी अहवालात लिहिलं नाही.

दिवाळी अंकांची योजना हा हुकमी एक्का. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा पुढे कोणीतरी वार्षिक भविष्याचं पान ब्लेडनं कापून नेईल, तेही फक्त कन्या राशीपुरतं, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. बाई आरडाओरडा करत नाहीत. गावातल्या कन्या राशीच्या मंडळींची यादी त्यांच्या डोक्यात तयार असते.

व्याख्यानाला माणसं जमवणं हे मात्र खरं कसबाचं काम. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. व्यासपीठावर अध्यक्ष, कार्यवाह, पाहुणे. समोर खुर्च्या. मग बाई अभ्यासिकेकडे वळतात. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून मान खाली घालून बसलेली असतात. "चला रे, नंतर समोसे आहेत." मुलं हातातली चालू घडामोडींची पुस्तकं न मिटताच येऊन बसतात आणि योग्य जागी टाळ्या वाजवतात. फोटो कोपऱ्यातून काढायचा, म्हणजे रिकाम्या रांगा खांबाआड जातात. (यातली दोन मुलं पुढे तलाठी झाली. ती आजही बाईंना बघून उठून उभी राहतात. माझ्या मते अहवालात लिहायची गोष्ट खरं तर हीच.)

पण बाईंचा खरा पराक्रम वसुलीत. प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान ठरलेलं असतं. पहिल्या पानावर शिक्का असतोच, पण तो फाडला तरी पकडता यावं म्हणून आत कुठेतरी आणखी एक मारलेला असतो. एक काकू वर्षभर "मी केव्हाच परत केलं" म्हणत होत्या. संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू. बाई गेल्या, कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली आणि शोकेसकडे बघत म्हणाल्या, "किती छान पुस्तकं ठेवलीयत!" एक काढलं, सहज चाळल्यासारखं करत नेमकं गुप्त पान उघडलं. मग काकूंनी पुढे केलेली प्लॅस्टिकची डबी हळूच बाजूला सारली.

"यंदाचं वाण मी हेच नेते."

काकूंचा चेहरा पडला. "आणि बाई, दंड किती झाला हो?"

"तीनशे दहा. दोनशे द्या, तिळगूळ चांगला झालाय."